मोजायला गेलेली मुलगी

बर्लिनच्या नैऋत्येला डालेम नावाचा झाडीचा, बंगल्यांचा, श्रीमंत भाग आहे. यू-३ या भुयारी रेल्वेने थीलप्लाट्झ स्टेशनावर उतरलं की पाच-सात मिनिटांच्या चालीवर ईनेश्ट्रासे नावाची शांत गल्ली लागते. तिथल्या २२ क्रमांकाच्या इमारतीत आज फ्री युनिव्हर्सिटीचे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. दर ऑक्टोबरात हिवाळी सत्राला नवी मुलं येतात, त्यांत आपल्याकडचीही असतात. पाठीवर सॅक, हातात फोन, फोनवर नकाशा, आणि खोली मिळेपर्यंत कुणा ओळखीच्याच्या ओळखीच्याकडे टाकलेल्या दोन मोठ्या बॅगा. याच इमारतीत १९२०च्या दशकाच्या शेवटी पुण्याहून एक मुलगी शिकायला आली होती, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. तिचं वय विशीच्या जरा पुढे, लग्न झालेलं, आडनाव कर्वे. इमारत तेव्हा कोरी होती. १९२७ मध्ये उघडलेल्या त्या संस्थेचं नाव होतं ‘मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची कैसर विल्हेल्म संस्था’.

आपण इरावतीबाईंना ‘युगान्त’मुळे ओळखतो, स्कूटरवरून पुण्यात फिरणाऱ्या पहिल्या बाई म्हणून ओळखतो, वारीत चाललेल्या बाई म्हणून ओळखतो. बर्लिनची इरावती आपल्या बोलण्यात सहसा येत नाही. जर्मनीला जाणाऱ्या मुलांबद्दल लिहायचं तर मला तिच्यापासूनच सुरुवात करावीशी वाटते. आज मराठी घरांतून जर्मनी ही अमेरिकेच्या बरोबरीची वाट झाली आहे. २०२२–२३च्या हिवाळी सत्रात भारतीय विद्यार्थ्यांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकलं आणि जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत ते पहिल्या क्रमांकावर गेले. पुढच्याच वर्षी त्यांची संख्या पन्नास हजारांच्या घरात पोचली. त्यात मराठी किती याचा हिशेब कुणी वेगळा ठेवत नाही. पण कोणत्याही जर्मन शहरातल्या विद्यार्थी वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात संध्याकाळी उभं राहिलं, तर फोडणीचा वास आणि पुणेरी मराठी दोन्ही सापडण्याची शक्यता बरीच.

इरावतीचा जन्म १९०५चा, ब्रह्मदेशातल्या मिंजानचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे एका कापूस कंपनीत इंजिनिअर. नाव ठेवलं तिथल्या नदीचं. सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागेत धाडलं. पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी ती त्यांच्या शकुंतलेबरोबर वाढली. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानात बी. ए., मग मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्यांच्या हाताखाली एम. ए., प्रबंधाचा विषय चित्पावन ब्राह्मण. नवरा दिनकर धोंडो कर्वे रसायनशास्त्राचा प्राध्यापक. त्याने स्वतः जर्मनीत डॉक्टरेट केलेली होती आणि बायकोनेही तिथे जावं असं त्याला वाटत होतं.

विरोध झाला तो सासऱ्यांकडून. सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढणारे, १९१६ मध्ये स्त्रियांचं विद्यापीठ काढणारे. सुनेने इतक्या लांब शिकायला जावं हे त्यांना पटलं नाही. १९२९ मध्ये ते स्वतः सत्तरी ओलांडलेली असताना युरोपात हिंदी स्त्रियांच्या शिक्षणावर भाषणं देत होते. याला ढोंग म्हणायला माझी जीभ धजावत नाही. शाळा काढणं आणि घरातलं माणूस बोटीवर चढवणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, आणि दुसरीत भलेभले अडखळतात. शेवटी पैसे उभे राहिले ते कर्जाऊ. जीवराज मेहतांनी दिले. हेच डॉ. मेहता पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राचा समाज उभाआडवा मोजणाऱ्या बाईंच्या शिक्षणाला गुजराती गृहस्थाचं कर्ज कामी आलं, ही गोष्ट संयुक्त महाराष्ट्राच्या गदारोळात कुणाला आठवली असेल असं वाटत नाही.

कर्जाचा विषय निघालाच आहे तर राजगडाच्या पायथ्याशी जाऊ. वेल्हे तालुक्याला आता राजगड म्हणतात. गडावर चढायच्या वाटांतली सगळ्यांत रुंद आणि पायऱ्यांची वाट पाली दरवाजाची, आणि ती सुरू होते पाली गावातून. शनिवार-रविवारी इथे पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात. भात, नाचणी आणि जनावरं यांवर चालणारं गाव, आणि आजूबाजूच्या डोंगरउतारांवर फार्महाऊसच्या पाट्या. अशा गावातल्या मुलाला परदेशाआधी पुणे गाठावं लागतं. सदाशिव पेठेतली कॉट, मेसचा डबा, अभ्यासिकेतली खुर्ची. स्वारगेटला पोचवणारी एसटी हेच त्याचं पहिलं विमान.

पुण्यातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून असा मुलगा जर्मनीच्या तयारीला लागला, की हिशेब मांडावा लागतो. सरकारी जर्मन विद्यापीठांत शिकवणीची फी बहुतेक ठिकाणी नाही, फक्त सत्राचं काहीशे युरोंचं शुल्क. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्रामागे दीड हजार युरो लावले आहेत, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही अलीकडे फी सुरू केली. तरी अमेरिकेच्या मानाने हे फुकटातच पडतं. अडतं ते व्हिसाच्या दारात. वर्षभराचा खर्च आधीच एका गोठवलेल्या खात्यात भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे बारा लाख रुपयांच्या आसपास. पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. पैसे आपलेच असतात, पण हप्त्याने मिळतात.

आता गंमत अशी, की ज्या गुंठ्यांचे भाव फार्महाऊसवाल्यांनी आभाळाला नेले, ती शेतजमीन बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून घेत नाहीत. सातबाऱ्यावर नाव आहे, एजंट रोज फोन करतो आहे, पण बँकेच्या लेखी ते काहीच नाही. तारणाशिवाय साडेसात लाखांपर्यंत मिळतात, पुढची चार-साडेचार लाखांची फट भरायला मामा, काका, सोनं, किंवा शेवटी जमिनीचा तुकडा विकणं. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण अख्ख्या राज्यात वर्षाला ७५ जागा. मराठा, ओबीसी मुलांसाठीही अशा सरकारी योजना आहेत. जाहिरात निघण्याची वाट बघत बसायची तयारी मात्र पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी डॉ. मेहतांच्या मनात आलं आणि इरावतीचं तिकीट निघालं. आजच्या मुलाला असा एक माणूस सापडत नाही, एक पोर्टल सापडतं.

कागदांच्या बाबतीत मात्र मला पालीच्या मुलाची मुळीच काळजी वाटत नाही. जर्मनीच्या पहिल्या आठवड्यांबद्दल शहरी मुलं जी रड गातात ती बहुतेक कागदांची असते. निघण्याआधी दिल्लीत जर्मन दूतावासाशी जोडलेल्या एपीएस कार्यालयाकडून सगळ्या गुणपत्रिकांची पडताळणी, ही १ नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीची. पोचल्यावर राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी. त्यासाठी घरमालकाने सही केलेलं पत्र. त्या नोंदणीवाचून करक्रमांक येत नाही, बँक खातं अडतं, गोठवलेले पैसे सुटत नाहीत. आणि घरमालक म्हणतो, आधी बँक खातं दाखव. विद्यापीठाच्या नावनोंदणीला आरोग्यविम्याचा दाखला लागतो. व्हिसाची मुदत संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून वास्तव्याचा परवाना घ्यायचा. त्याची वेळ मिळवायला रात्री बारा वाजता संकेतस्थळ उघडून बसायचं.

ज्याने बारावीनंतर तलाठी, मंडल अधिकारी, सेतू, तहसील, प्रांत अशा फेऱ्या मारून उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास, जातीचा दाखला, पडताळणी आणि नॉन-क्रिमी लेयर गोळा केलं आहे, त्याला हे सगळं ओळखीचं वाटतं. एका दाखल्यासाठी दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा आणि तिसऱ्यासाठी पुन्हा पहिला, हे शास्त्र त्याने कोवळ्या वयात शिकलेलं असतं. फरक इतकाच, की जर्मन कार्यालयात ‘साहेब जेवायला गेलेत’ हे उत्तर नसतं आणि ‘जरा बघा ना साहेब’ याला काही अर्थ नसतो. ठरलेल्या वेळी आत घेतात, कागद पूर्ण असला तर दहा मिनिटांत काम, एक कमी असला तर परत. चिडून चालत नाही, गयावया करून चालत नाही. आपल्याकडे कागद कमी असला तर माणूस कामी येतो. तिथे माणूस चांगला असला तरी कागदच लागतो. हे एकदा पचलं की निम्मं काम झालं.

दुसरा निम्मा भाग एकटेपणाचा, आणि त्यावर तोडगा निघायला वेळ लागतो. इरावतीच्या काळात पत्र बोटीने जायचं. जायला काही आठवडे, उत्तर यायला तितकेच. म्हणजे पहिल्या पत्रातल्या रडण्याला सांत्वन यायचं तोवर रडणारीने ते रडणं विसरून दुसरं काही सुरू केलेलं असायचं. आजच्या मुलांना ही सवलत नाही. संध्याकाळी व्हिडीओ कॉल लागतो, आई विचारते जेवलास का, आणि मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. मला विचाराल तर पहिल्या महिन्यात घरी रोज फोन करणाऱ्या मुलांचं मन जास्त उशिरा रमतं. हे माझं मत आहे, आयांना ते पटणार नाही.

हिवाळी सत्राची कागदोपत्री सुरुवात १ ऑक्टोबरला, तासांची साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर. त्यामुळे मराठी मुलाचे पहिले आठवडे आणि दिवाळी हमखास एकमेकांवर येऊन आदळतात. त्यातच ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. दिवाळी लवकर आली तर घर साडेतीन तास पुढे, उशिरा आली तर साडेचार. पहाटे उठून अभ्यंगस्नान करायचं तर घरी तोवर फराळ संपलेला असतो. घड्याळं मागे गेली की संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार. फटाके विकत मिळत नाहीत, ते तिथे वर्षाअखेरच्या तीन दिवसांतच विकायला परवानगी आहे. खोलीत धुराची सूचना देणारं यंत्र छताला लावलेलं असतं, त्यामुळे चकल्या तळणं हा धाडसाचा प्रकार. नवख्यांपैकी कुणीतरी एकदा तो प्रयोग करतोच आणि अख्खं वसतिगृह थंडीत बाहेर उभं राहतं. मग पुढच्या वर्षीपासून चिवडा आणि लाडू घरून येतात. म्युनिक, फ्रँकफुर्ट, स्टुटगार्ट, बर्लिन अशा शहरांत मराठी मंडळींची मंडळं आहेत, त्यांचा दिवाळीचा कार्यक्रम जवळच्या शनिवारी असतो. लक्ष्मीपूजन मंगळवारी आणि दिवाळी शनिवारी, याचीही सवय होते.

रविवार हा आणखी एक धक्का. दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी दूध आणायचं राहिलं तर सोमवारपर्यंत कोरा चहा. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, कपडे धुवायचं यंत्र लावायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. शेजारच्या आजीबाई दारावर टकटक करून सांगतात, आणि सांगताना हसत नाहीत. प्लास्टिकची बाटली परत दिली की २५ सेंट मिळतात हे कळलं की सगळी मुलं बाटल्या साठवायला लागतात. विद्यार्थी भोजनालयात, तिथे त्याला मेन्झा म्हणतात, चार-पाच युरोंत पोटभर जेवण मिळतं. शाकाहारी मुलांचे दिवस आता बरे आले आहेत. भाषेचं मात्र अजून तेच. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्स म्युलर भवनात दोन-तीन पातळ्या केलेल्या मुलाला वाटतं आपल्याला जर्मन येतं. मग तो स्टुटगार्टात बेकरीत उभा राहतो, काउंटरमागची बाई स्वाबियन बोलीत काहीतरी विचारते, आणि हा बोट दाखवून पाव घेतो. राम मनोहर लोहियांची गोष्ट सांगतात ती अशी, की बर्लिनमध्ये ते प्राध्यापक झोम्बार्टना भेटले, प्राध्यापकांनी आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून सांगितलं, आणि लोहिया तीन महिन्यांनी जर्मन शिकून परत गेले. आजचे अभ्यासक्रम इंग्रजीतून असल्यामुळे ही सक्ती राहिलेली नाही. मला ते नुकसान वाटतं. भाषा टाळता आली की माणूस दोन वर्षं तिथे राहूनही वसतिगृह, प्रयोगशाळा आणि भारतीय किराणा दुकान या त्रिकोणातच फिरतो.

वर्गात गेल्यावर पहिला गोंधळ वेळेचा. वेळापत्रकावर दहा लिहिलेलं असतं आणि तास सव्वादहाला सुरू होतो. ही पंधरा मिनिटांची सूट जुनी विद्यापीठी पद्धत आहे, पण ती तासालाच लागू, कुणाच्या घरी जेवायला जाताना नाही. दुसरा गोंधळ हजेरीचा, कारण बहुतेक व्याख्यानांना ती नसतेच. चार महिने कुणी काही विचारत नाही आणि फेब्रुवारीत एकच लेखी परीक्षा येते. त्यात एक हा सर्वोत्तम गुण, चारच्या पुढे गेलात तर नापास, आणि बहुतेक ठिकाणी तीन प्रयत्नांनंतर त्या अभ्यासक्रमातून बाहेर. आपल्याकडच्या डिस्टिंक्शनवाल्या मुलांना पहिल्या सत्रात तीनच्या आसपास गुण पडतात तेव्हा घरी काय सांगावं कळत नाही, कारण आई-बाबांना एकापेक्षा तीन जास्त वाटतात. काही जण तसंच वाटू देतात.

तिसरा गोंधळ सगळ्यांत खोल. प्राध्यापकाने फळ्यावर काही मांडलं आणि शेवटच्या रांगेतला एकोणीस वर्षांचा पोरगा हात वर करून म्हणाला, मला हे पटत नाही. प्राध्यापक चिडत नाही, विचारतो, का? आपल्या मुलांच्या पोटात गोळा येतो. आपल्याकडे ‘सर’ या हाकेतच अर्धं मान्य केलेलं असतं. गाईडला पटेल ते लिहायचं, गाईडच्या आधीच्या निबंधाचा संदर्भ द्यायचा, आणि पेढे घेऊन भेटायला जायचं. ज्यांना हे अंगवळणी पडलेलं असतं त्यांना जर्मन चर्चासत्र पहिले काही आठवडे उद्धटपणाची शाळा वाटते.

म्हणूनच मला ईनेश्ट्रासेवरच्या त्या मुलीकडे परत जायचं आहे.

संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर. त्या काळातले जर्मनीतले मोठे मानववंशशास्त्रज्ञ. आजच्या नामिबियातल्या रेहोबोथच्या मिश्र वंशाच्या लोकांवर त्यांनी १९१३ मध्ये पुस्तक लिहिलं होतं आणि वंशमिश्रण वाईट असा निष्कर्ष काढला होता. त्यांच्या संस्थेच्या अवतीभवती बर्लिनमध्ये वसाहतींतून गोळा केलेल्या कवट्यांचे साठे होते. इरावतीला विषय मिळाला तो कवटीच्या असमानतेचा. माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. फिशरांचा तर्क असा, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीत ही असमानता जास्त असावी, उजव्या बाजूचा पुढचा भाग मोठा असावा आणि तीच त्यांच्या तर्कबुद्धीची खूण. तिने मोजून दाखवायचं होतं.

हे काम कसं असतं ते डोळ्यांसमोर आणा. एक कवटी टेबलावर ठेवायची, ठरलेल्या बिंदूंवर परकार लावायचा, मिलिमीटर वाचायचे, वहीत लिहायचे. मग दुसरी बाजू. मग पुन्हा तेच, चूक झाली नाही ना बघायला. कवटी कुणाची होती, कुठून आणली, तिला आणताना कुणाला विचारलं होतं का, हे रकाने त्या वहीत नसतात. तिने १४९ कवट्या मोजल्या. आणि त्या मोजमापांतून फिशरांचा तर्क निघेना. असमानता होती, सगळीकडे होती, पण तिचा वंशाशी काही संबंध दिसेना. आफ्रिकन कवटीत जशी, तशीच युरोपीय कवटीत. तिने तसंच लिहिलं. फिशरांनी प्रबंधाला श्रेणी कमी दिली, पण प्रबंध मान्य झाला, १९३१ मध्ये छापला गेला आणि इरावती डॉक्टर होऊन पुण्याला परतली.

मोठ्या बंडाचा आव या घटनेत मुळीच नव्हता. तिने निदर्शनं केली नाहीत, फिशरांना पत्र लिहिलं नाही. फक्त आकडे जसे आले तसे लिहिले. पण जरा तिची परिस्थिती लक्षात घ्या. गुलाम देशातली बाई, कर्जावर आलेली, नवऱ्याच्या भरवशावर आणि सासऱ्याच्या नापसंतीवर उभी, परक्या भाषेत लिहिणारी, आणि डिग्री देणारा माणूस समोर बसलेला. त्याला हवं ते आकड्यांत बसवून देणं फार अवघड नव्हतं. आठ-दहा कवट्या वगळल्या असत्या तरी चाललं असतं. संशोधनाच्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा, हा मोह किती रोजचा असतो.

फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. हिटलर सत्तेवर आला तेच वर्ष. १९४२ मध्ये संस्थेचं संचालकपद ओटमार फॉन फेरश्युअरकडे गेलं. त्याचा जुना सहायक योझेफ मेंगेले ऑशवित्झमध्ये होता आणि तिथून ‘नमुने’ डालेमला येत होते. युद्धानंतर फिशरांवर खटला चालला नाही. ते १९६७ पर्यंत जगले. त्याच वर्षी पुण्यात ‘युगान्त’ प्रसिद्ध झालं. २०१४ मध्ये त्या इमारतीजवळ खोदकाम करताना माणसांची हाडं सापडली, हजारो तुकडे. कुणाची ते ठरवता आलं नाही. २०२३ मध्ये ती डालेमच्या स्मशानात पुरली. ईनेश्ट्रासे २२च्या भिंतीवर १९८८ मध्ये लावलेला एक फलक आहे. सत्राच्या पहिल्या आठवड्यात खोली शोधत धावणाऱ्या मुलांतली एखादी त्याच्याशी थांबते.

इथे गोष्ट संपवली तर इरावतीबाईंचं देवघर तयार होईल, आणि त्यांना ते आवडलं नसतं. बर्लिनमध्ये शिकलेला परकार त्यांनी टाकून दिला नाही. पुण्याला आल्यावर, १९३९ पासून डेक्कन कॉलेजात, त्या महाराष्ट्रातल्या जातीजमातींची डोकी, नाकं, उंच्या मोजत राहिल्या. कोण कुणाच्या रक्ताचं याचा शोध शरीरात घेता येतो ही समजूत त्या शाळेचीच होती आणि ती त्यांनी बरीच वर्षं बाळगली. मोजून घेणाऱ्या माणसांना त्या मोजण्याचं काय वाटलं, हे आपल्याला वाचायला मिळत नाही. आदिवासी पाड्यावर गाडीतून उतरून परकार काढणारी साहेबीण, हेही इरावतीबाईंचंच चित्र आहे.

पण आकडे आले तसे लिहायची सवयही बर्लिनहूनच आली होती आणि ती परकारापेक्षा जास्त दिवस टिकली. घुरे त्यांचे गुरू. जाती एका वर्णातून फुटून झाल्या, या चालत आलेल्या समजुतीवर बाईंनी बोट ठेवलं. चित्पावन, देशस्थ, कऱ्हाडे यांना आपण एकाच ‘ब्राह्मण’ शब्दात घालतो, पण त्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध दिसत नाही. वेगवेगळे गट आले, शेजारी राहिले, आपापसात लग्नं करत राहिले आणि वरून एक नाव पडलं, अशी त्यांची मांडणी १९६१च्या ‘हिंदू सोसायटी’ या इंग्रजी पुस्तकात आहे. म्हणजे आधी जर्मन गुरूशी असहमती, मग मराठी गुरूशी. महाभारत हातात घेतलं तेव्हा भीष्माशी आणि द्रोणाशी. पुढे परकार मागे पडत गेला आणि ऐकणं वाढलं. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी मुलगी जाई निंबकर यांच्याबरोबर केली, ती १९६९ मध्ये आली. त्यात नाकांची मापं नाहीत. माणसं कुठे गेली, जमीन मिळाली का, पाणी होतं का, हे आहे. पुढच्याच वर्षी बाई गेल्या.

त्यांच्या आधी आणि नंतरही इथून जर्मनीला गेलेले होतेच. विष्णू सीताराम सुखठणकर पहिल्या महायुद्धाआधी बर्लिनमध्ये ल्युडर्सकडे संस्कृत व्याकरण शिकले आणि पुढे भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी जी शिस्त लावली ती तिथलीच. रा. ना. दांडेकरांनी १९३८ मध्ये हायडेलबर्गची डॉक्टरेट घेतली. पण हे दोघे आपल्याच घरातली वस्तू जर्मन पद्धतीने कशी तपासायची ते शिकायला गेले होते. इरावती जिथे गेली तिथे ती स्वतःच तपासायची वस्तू होती. त्या संस्थेच्या तक्त्यात तिच्या कातडीचा रंग, नाकाचा आकार यांनाही जागा होती. पहिल्या आठवड्यांत वर्गमित्रांच्या नजरेतून तिला हे कळलं नसेल असं मानणं अवघड आहे.

आजचं मोजणं वेगळं, सौम्य, कायदेशीर आहे. खात्यात किती युरो, विमा किती तारखेपर्यंत, वर्षात १४० पूर्ण दिवसांपेक्षा जास्त काम केलं का, किती क्रेडिट झाले. रेल्वेत तिकीट तपासणारा आधी कुणाकडे वळतो हेही मुलं मनात मोजतात, पण घरी सांगत नाहीत. अलीकडच्या निवडणुकांत परदेशी लोकांविरुद्ध बोलणाऱ्या पक्षाची मतं वाढली, तेव्हापासून आया फोनवर तेवढंच विचारतात.

आणि आता जाणारे फक्त विद्यापीठातले नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, स्वयंपाकी अशा कामांसाठी इथल्या तरुणांना जर्मन शिकवून तिथे पाठवायचं. पालीसारख्या गावातला आयटीआय झालेला मुलगा विद्यापीठाच्या वाटेपेक्षा या वाटेने श्वार्झवाल्डच्या एखाद्या लहान गावात पोचण्याची शक्यता जास्त. तिथे मराठी मंडळ नसेल, इंग्रजीतून शिकवणारा वर्ग नसेल, स्वाबियन बोलणारा मुकादम असेल. विद्यार्थी निदान एकमेकांना सांगतात, आनमेल्डुंगला कोणतं पत्र न्यायचं, कोणत्या दुकानात तूरडाळ मिळते. या मुलाला ते कोण सांगणार, पगाराच्या कागदावरची कपात कोण समजावणार, आणि मुकादमाने हिशेब चुकीचा मांडला तर ‘मला हे पटत नाही’ हे वाक्य त्याला कोणत्या पातळीच्या वर्गात शिकवणार, याची तरतूद करार करणाऱ्यांनी माणसं पाठवायच्या आधी करायला हवी.